सांधा

पूल झाला नव्हता तेव्हा तिसऱ्या रेल्वे गेटवर
पंधरा मिनिटं तरी जायचीच.
स्कूटर बंद करून मी हँडलवर डावा हात घोळवायचो,
करंगळी, मधलं बोट, अंगठा, मधलं बोट,
पाळण्याची दोरी ओढल्यासारखा.
शेजारचा ट्रकवाला कन्नडमधून विचारायचा,
हाताला काय झालंय?
मी म्हणायचो, शिकायलोय.
काय ते कधी सांगितलं नाही.

उद्यमबागेत अठ्ठावीस वर्षं लोखंड ओतलं मी.
कॅम्पातल्या एर्मेलिंदा टीचरांकडे गेलो
तो त्यांच्या पियानोचं मोडकं पेडल
नवं ओतून परत द्यायला.
झाकण उघडून त्यांनी आत दाखवलं:
तारा ताणून धरणारी बिडाची अख्खी चौकट,
आणि ओल धरू नये म्हणून कोपऱ्यात
दिवसरात्र जळणारा चाळीसचा बल्ब.
बीड बघितलं आणि भीड चेपली.
म्हटलं, हे तर आमच्यातलंच.

तुकडा दोनच पानांचा.
कुणी लिहिला ते वाळवीनं खाल्लेलं.
"ह्याला शब्द नाहीत," टीचर म्हणाल्या,
"म्हणून जास्त नीट बोलायचं."

पहिले तीन महिने मी नुसतं बरोबर वाजवलं.
म्हणजे गल्लीच्या तोंडाशी कुणी पत्ता विचारला
तर सांगतो आपण, तसं.
त्या खिडकीशी चहात बिस्किट धरून ऐकायच्या.
बिस्किट तुटून बुडालं तरी लक्ष नसायचं.
"स्वर दाबलास की तो मरायलाच लागतो, बाबा.
पेटीसारखा भाता नाही इथं धरून ठेवायला.
पुढचा कुठं ठेवशील?
पहिला जेवढा उरलाय
तेवढ्याच आवाजात, त्याला लागून."

हे मला कानानं नाही कळलं, मनगटानं कळलं.
साचा भरताना धार तुटली
की आधीचं लोखंड जागीच साय धरतं;
मागून आलेलं त्याला चिकटतं, मिसळत नाही.
वरून सगळं गुळगुळीत.
हातोडी लावून बघा:
असला नग वाजत नाही,
खोकतो.
माझे वडील, शट्टुप्पा मोल्डर, दोन बोटं कमी,
एवढंच शिकवून गेले.
धार बारीक चालेल.
तुटायला नको.

नवव्या मापात एक जागा आहे.
उजवा हात चढतो, चढतो,
आणि सगळ्यात उंच स्वर
सगळ्यात हळू लिहिलाय.
मी तिथं दरवेळी पळायचो.
"कुठं पळायलास? गेट पडायलंय काय?"
मग हसून, "निधान, निधान.
थोडा वेळ उसना घे त्याच्यासाठी,
उतरताना फेडून टाक.
डाव्या हाताला मात्र कळू देऊ नको."

जमलं त्या दिवशी विशेष काही नव्हतं.
बाहेर कॅन्टोन्मेंटचा पाण्याचा टँकर
कुणीतरी ओरडून मागं घेत होतं,
पोरं कोंकणीत सुरू केलेलं भांडण
मराठीत आणून कन्नडमध्ये मिटवत होती.
तो वरचा स्वर आला.
मी ढकलला नाही.
आधीचा विझत विझत जिथवर पोचला होता
तिथंच तो लागला,
आणि मला सांधा सापडेना.

अकराव्यात एक बोट चुकलं. जाऊ दे.

शेवटच्या स्वरावर टीचर हळूच म्हणाल्या,
"पाय काढू नको."
माझ्याच हातच्या पितळेवर माझा पाय.
ओतून झाल्यावर वडील असेच थांबायचे
साच्यापाशी, हात मागे बांधून.
करायचं काही नसायचं.
निवतंय, एवढं बघत.

त्या संध्याकाळी तिसरं गेट चक्क उघडं होतं.
मी सवयीनं स्कूटर बंद केली.
मागच्या ट्रकवाल्यानं आधी हॉर्न दिला,
मग कन्नडमधून शिवी,
मग बाजूनं निघून गेला.